सुईदोऱ्याच्या जुन्या शिवणी

मध्ययुगीन शिवणकामाचा सगळा डोलारा पाच-सहा टाक्यांवर उभा होता. कच्चा टाका, धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, कडेवरून वेढा घेत जाणारा टाका आणि काजटाका, एवढ्या भांडवलावर भिक्षूच्या चीवरापासून सरदाराच्या अंगरख्यापर्यंत सारे काही शिवले गेले. हे टाके हाताला बसायला फार दिवस लागत नाहीत. कपडा टिकणार की उसवणार हे मात्र टाक्यापेक्षा शिवणीवर जास्त ठरते. दोन तुकडे जोडताना त्यांच्या कापलेल्या कडांचे काय करायचे, हा शिवणीचा खरा प्रश्न आहे. कड उघडी राहिली तर सुते निघतात, धुण्यात ती झिजत जाते आणि टाका कितीही पक्का घातलेला असला तरी त्याच्याखालचे कापडच निसटून जाते. जुन्या कारागिरांचे कसब या कडेची व्यवस्था लावण्यात होते. हातशिवण शिकणाऱ्यानेही लक्ष तिथेच ठेवावे.

कडेची एवढी काळजी घेण्याचे कारण कापडाच्या मोलात आहे. सूत हाताने कातायचे, कापड हातमागावर विणायचे, म्हणजे एका धोतराइतक्या कापडामागेही कित्येक दिवसांचे कष्ट असत. त्यामुळे कापताना चिंधी वाया जाऊ नये, शिवण फाटू नये, आणि वेळ आली तर ती उसवून त्याच कापडाचे दुसरे काही करता यावे, असा तिहेरी विचार प्रत्येक शिवणीमागे असे. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही पोशाखांची यादी आहे. तिच्यात कापड किती लागते आणि शिलाई किती पडते यांच्याबरोबर शिवायला लागणाऱ्या रेशमाचे वजनही नोंदवले आहे. दोराही मोजूनमापून वापरण्याची वस्तू होती, हे त्यावरून कळते.

सुई आपल्याकडे फार जुनी. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर तांब्याच्या सुया सापडल्या आहेत. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात न तुटणाऱ्या सुईने शिवण्याचा उल्लेख आहे आणि अमरकोशाने शिंप्याला ‘तुन्नवाय’ आणि ‘सौचिक’ अशी दोन नावे दिली आहेत. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत सेवक, नर्तकी आणि परदेशी पाहुणे यांच्या अंगात बाह्यांचे शिवलेले कपडे स्पष्ट दिसतात. सुलतानी अमलापूर्वी इकडे शिवलेले कपडेच नव्हते, हे अजूनही कानावर पडणारे विधान त्यामुळे टिकत नाही. खरे एवढेच, की रोजच्या वापरात धोतर, साडी, उपरणे अशा न शिवलेल्या वस्त्रांचा भर होता. शिवलेल्या कपड्यांचे प्रकार आणि शिंप्याच्या हातचे काम पुढच्या शतकांत वाढत गेले.

त्या वाढीला सुताचीही साथ मिळाली. हिंदुस्थानात चरख्याचा निःसंदिग्ध उल्लेख प्रथम सापडतो तो इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या 1350 च्या फारसी काव्यात, आणि ते लिहिले गेले दख्खनमध्ये, बहामनी राज्याच्या संस्थापकाच्या आश्रयाने. टकळीपेक्षा चरखा कितीतरी पट वेगाने सूत देतो. दोरा मुबलक झाला की शिवणही मुबलक होते.

शिकणाऱ्याला आज लागणारे साहित्य तेव्हाइतकेच थोडे आहे: दोन-तीन जाडीच्या सुया, सुती दोरा, कातर, मधमाशीच्या मेणाचा खडा आणि अंगुस्तान. सुती कापडाला सुतीच दोरा घ्यावा. पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा चिवट असतो. ओढ पडली की तो स्वतः तुटत नाही, कापडाला चिरत जातो. सुती दोरा आधी तुटतो आणि दुरुस्ती सोपी राहते. दोरा हातभरच घ्यावा, म्हणजे साधारण 45 सेंटीमीटर. लांब दोरा घेतला की पुन्हा ओवायचा त्रास वाचल्यासारखा वाटतो, पण तो प्रत्येक टाक्याबरोबर कापडातून घासत येतो, विसविशीत होतो आणि गाठी खातो. ओवण्यापूर्वी तो मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढून बोटांच्या चिमटीतून निसटता काढावा. मेणाने दोऱ्याची लव बसते, पीळ धरून राहतो आणि घातलेला टाका मागे सरकत नाही. अंगुस्तान मधल्या बोटात घालायचे. सुई नेढ्याकडून त्याने रेटायची आणि अंगठा व तर्जनीने फक्त दिशा द्यायची. पहिले काही दिवस हे अडगळीचे वाटते. जाड कापडाच्या चार घड्यांतून सुई काढायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

हातशिवणीच्या तंत्राचा बारीक तपशील भिक्षूंसाठीच्या जुन्या नियमांत सापडतो. पाली विनयपिटकात चीवर कसे कापावे, कसे जोडावे, कोणती हत्यारे वापरावीत याचे नियम आहेत आणि प्रत्येक नियमामागे एखादी अडचण सांगितली आहे. सुरुवातीला भिक्षू कापड हातानेच फाडत आणि पिसाच्या किंवा बांबूच्या काडीने शिवत, त्यामुळे काम ओबडधोबड होई. म्हणून चाकू आणि सुईची परवानगी मिळाली. सुया गंजू लागल्या तेव्हा त्या ठेवायला नळी आली. शिवताना बोटांना टोचे म्हणून बोटावर घालायचे आवरण आले, म्हणजेच अंगुस्तान. शिवताना कापड सरकू नये म्हणून ते एका चौकटीवर ताणून बांधण्याची रीत आली आणि त्या चौकटीचे नाव ‘कठिन’. वर्षावास संपल्यावर आश्विन ते कार्तिक पौर्णिमेच्या दरम्यान होणारे कठिन चीवरदान महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेर पसरलेल्या मराठी बौद्ध कुटुंबांना परिचयाचे आहे. परंपरेप्रमाणे दानात मिळालेले कापड कापणे, शिवणे, रंगवणे हे सगळे एका दिवसात उरकायचे असते. तेव्हा संघात शिवण येणारे हात बरेच असावे लागत.

याच नियमांत शिकणाऱ्याच्या कामाची एक फार नेमकी गोष्ट आहे. टाके कमीजास्त अंतरावर पडू लागले तेव्हा अंतराच्या खुणा करायला सांगितले गेले, आणि ओळ वाकडी जाऊ लागली तेव्हा आधी एक ‘मोघसुत्तक’ घालायला सांगितले गेले. मोघसुत्तक म्हणजे खोटा दोरा, ज्याच्या धारेने खरी शिवण घालायची आणि काम झाल्यावर जो काढून टाकायचा. आजच्या शिवणवर्गात मुलींना पहिल्या दिवशी शिकवला जाणारा कच्चा टाका तो हाच. दोन-दोन सेंटीमीटरचे लांब टाके, उठून दिसणाऱ्या वेगळ्या रंगाचा दोरा, शेवटी गाठ नाही. कंटाळवाणे काम म्हणून तो बहुतेक जण टाळतात आणि मग तिरकी गेलेली शिवण उसवत बसतात.

चीवर अखंड कापडाचे का नको, याचे कारणही विनयात आहे. मगधातली बांधबंदिस्ती केलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला तशा रचनेचे चीवर करता येईल का असे विचारले, आणि आनंदाने ते करून दाखवले. कापून जोडलेल्या कापडाचा बाजारात भाव उतरतो, त्यामुळे चोराला त्याचा मोह पडत नाही. चीवरात किमान पाच खंड असतात. प्रत्येक खंडात एक लांब आणि एक आखूड तुकडा, खंडांच्या मधून जाणारी लांब पट्टी ती कुसी, आखूड ती अड्ढकुसी, आणि चारही बाजूंनी दुमडीची चौकट. शेताचे बांध म्हणून दिसणाऱ्या या पट्ट्यांच्या पोटात तुकड्यांच्या कच्च्या कडा झाकल्या जातात. कापड कितीदाही धुतले तरी सुते सुटत नाहीत, आणि एखादा खंड विरला तर तेवढाच काढून दुसरा लावता येतो.

चीवर शिवणाऱ्यांची अशी एक वसाहत छत्तीसगढमध्येही होती. भिलाईच्या पूर्वेला कुम्हारी, तिथे खारून नदी ओलांडली की रायपूर, आणि रायपूरच्या पुढे महानदीकाठी सिरपूर. कुम्हारीपासून हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर भरते. सातव्या-आठव्या शतकात हे श्रीपूर दक्षिण कोसलाची राजधानी होते आणि महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळात इथे बौद्ध विहार भरभराटीला आले. आनंदप्रभू कुटी विहार आणि स्वस्तिक विहार यांच्या विटांच्या भिंती, भिक्षूंच्या कोठड्या आणि मधले अंगण उत्खननानंतर आजही पाहता येते. दमट हवेत कापड टिकत नाही, त्यामुळे चीवराचा तुकडा अशा ठिकाणी मिळण्याची आशा नाही. पण चीवर तुकडे जोडूनच शिवायचे हा नियम बौद्धांच्या सगळ्या परंपरांत आहे. त्या अंगणात शिवण चालत असणार, हे सांगायला तेवढे पुरेसे आहे.

आता टाक्यांकडे. धावदोरा हा सगळ्यांचा पाया. सुई कापडाच्या खाली-वर सारख्या अंतराने जाते आणि दोन्ही बाजूंना तुटक ओळ दिसते. नवशिक्या सुई हलवतो. सरावलेला हात सुई जवळजवळ स्थिर ठेवून डाव्या हाताने कापड खाली-वर हलवत सुईवर चढवतो. चार-पाच टाके सुईवर गोळा झाले की दोरा एकदम ओढायचा, मग शिवलेली ओळ नखाने सरळ करायची, नाहीतर कापड आकसते. सुरुवातीला गाठ मारण्याऐवजी एकाच जागी दोन बारीक टाके एकावर एक घेतले तर ते गाठीइतकेच धरतात आणि अंगाला टोचत नाहीत. इंचाला आठ-दहा टाके पडू लागले की हात साध्या कपड्यापुरता तयार झाला असे समजावे. मलमलीसारख्या तलम कापडावर जुने कारागीर याहून बरेच बारीक जात.

धावदोऱ्याचा एक दोष आहे. कुठेही तुटला तर ओढीने पुढचे टाके सरकत सुटतात. म्हणून ताण येणाऱ्या जागी उलटी टीप घालतात. सुई एक टाका मागे जाऊन खाली शिरते आणि दोन टाके पुढे वर येते; वरून सलग ओळ दिसते, खालून टाके एकमेकांवर चढलेले दिसतात. तिला दोरा जास्त लागतो आणि वेळ दुप्पट, म्हणून संपूर्ण कपडा उलट्या टिपेने शिवणे ही उधळपट्टीच. काख, खांदा, बंद लावलेली जागा इथे ती घालावी. बाकी लांब शिवणीत चार-पाच धावटाक्यांनंतर एक उलटा टाका घेत गेले की ओळ हवी तितकी पक्की होते आणि काम रखडत नाही. शिवणयंत्र आल्यावर ‘टीप’ हा शब्द यंत्राच्या शिलाईला चिकटला. यंत्राच्या टिपेत मात्र वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. हाताची टीप एकाच दोऱ्याची असते आणि थोडी लवचीक राहते.

कापलेल्या कडेचे काय करायचे हे कापडच ठरवते, आणि इथे युरोप आणि दख्खन यांच्या वाटा वेगळ्या होतात. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला हेर्योल्फ्सनेस येथे 1921 मध्ये डॅनिश संशोधक पोल न्योर्लुंड यांनी मध्ययुगीन दफनभूमी उकरली, तेव्हा गोठलेल्या जमिनीत लोकरीचे झगे, टोपड्या आणि मोजे जवळजवळ जसेच्या तसे मिळाले. ते आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्या वेळचे रोजचे कपडे कसे शिवत याचा एवढा थेट पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो. लोकरीचे कापड दाटून घट्ट केलेले असले की त्याची कड सहसा सुटत नाही. म्हणून तिथल्या शिवणींत आतली माया, म्हणजे टाक्यांच्या ओळीबाहेर उरलेली कापडाची पट्टी, दोन्ही बाजूंना सपाट पाडून वरून बारीक वेढ्याच्या टाक्यांनी बसवलेली दिसते. कड दुमडून आत कोंबण्याची गरज पडलेली नाही. सुती कापडाला ही चैन परवडत नाही, त्याची कड बंद करावीच लागते. गुजरातेत छापून मध्ययुगात इजिप्तला गेलेल्या सुती कापडाचे हजाराहून अधिक तुकडे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातल्या न्यूबेरी संग्रहात आहेत. हा माल जुन्या कैरोच्या फुस्तात भागातला म्हणून ओळखला जातो, कोरड्या हवेमुळे टिकलेला. त्यांतल्या कित्येक चिंध्यांवर दुमडी आणि शिवणी शिल्लक आहेत. कापड आपल्याकडचे आणि सुई बहुधा तिकडची, पण सुती कडेवरचा उपाय दोन्हीकडे एकच: कड आत घ्या आणि तुरपून टाका.

हा उपाय म्हणजे चपटी शिवण. हातशिवणीतली एकच शिवण शिकायची म्हटली तर हीच शिकावी. दोन तुकडे सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवायचे, पण कडा जुळवायच्या नाहीत. खालच्या तुकड्याची कड वरच्यापेक्षा साधारण पाच-सहा मिलिमीटर बाहेर राहू द्यायची. वरच्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर धावदोरा घालून ओळ पुरी करायची, मध्ये मध्ये एक उलटा टाका. मग कापड उघडून दोन्ही माया आखूड मायेच्या बाजूला पाडायच्या आणि शिवणीवरून नख फिरवायचे. आता लांब मायेची कड आखूड मायेच्या कडेवरून वळवून तिच्याखाली खोचायची, म्हणजे दोन्ही कच्च्या कडा एका अरुंद पट्टीच्या पोटात जातात. ही पट्टी कापडावर सपाट बसवून तुरपायची. तुरपताना सुईने कापडाचा एखाददुसराच धागा उचलायचा आणि लगेच तिरपे पट्टीच्या घडीत शिरायचे. उलट बाजूला अर्ध्या सेंटीमीटरची नेटकी पट्टी दिसते, सुलट बाजूला ठिपक्यांची पुसट रेघ. पहिल्या प्रयत्नात पट्टी कुठे रुंद, कुठे अरुंद होते, कारण माया कापतानाच कमीजास्त झालेली असते. त्यावर इलाज तुरपाईत नाही, कातरीत आहे. कापड ओढलेल्या धाग्याच्या रेषेवर कापावे: एक धागा कडेने पकडून हलके ओढून काढायचा, कापडात जी सरळ फट दिसते तिच्यावरून कातर चालवायची. खडूची रेघ एवढी अचूक असत नाही.

हातमागाच्या कापडाला मात्र एक देणगी आधीच मिळालेली असते: काठ. काठाची सुते सुटत नाहीत, त्यामुळे काठाला काठ जोडायचा असेल तर मायेची गरजच नाही. दोन काठ सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवायचे आणि कडेवरून वेढा घेत बारीक टाके घालत जायचे. प्रत्येक टाक्यात दोन्हीकडचे दोन-दोन धागे आले पाहिजेत, जास्त नको. नंतर उघडून नखाने दाबले की दोन कापडे कडेला कड लागून सपाट होतात आणि जोड बारीक रेघेसारखा दिसतो. माग अरुंद होते तेव्हा पासोडी-चादरीसाठी दोन पाट जोडायची ही सोपी रीत होती.

उघड्या राहणाऱ्या कडांना तुरपाई लागते. आधी अगदी अरुंद आणि मग हवी तेवढी, अशा दोन घड्या घालून वर सांगितलेल्या टाक्याने बसवायचे. तलम कापडाची दुमड वळून करतात: ओलसर अंगठा आणि तर्जनी यांत कड गुंडाळत जायची आणि गुंडाळी सुटायच्या आत टाका घ्यायचा. बोटभर वळायचे, बोटभर शिवायचे. ही दुमड सुतळीइतकी बारीक झाली की उपरण्याच्या टोकाला काय किंवा रुमालाला काय, तिच्यासारखी शोभा दुसरी नाही. वळणदार कडेला, जसे गळ्याला, दुमड नीट बसत नाही. तिथे तिरप्या कापडाची पट्टी लावतात, तो गोट. तिरपे कापड ताणते, म्हणून ते वळणाबरोबर वळते.

एवढ्या साहित्यावर शिंप्याचा धंदा उभा होता. संत नामदेव (1270 ते 1350) यांचे घराणे शिंप्याचे. नरसी बामणीशी नाते सांगणारे आणि पंढरपुरात वाढलेले नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले आणि गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. त्यांतल्या एकात गज, कातर, सुई आणि दोरा ही धंद्याची हत्यारे भक्तीच्या रूपकात येतात. त्या काळातल्या शिंप्याच्या हातात नेमके काय असे, याची यादी म्हणूनही ते पद वाचता येते.

शिंप्याच्या कापण्यातला हिशेब बाराबंदीत छान दिसतो. बाराबंदी म्हणजे पुढे एकावर एक येणाऱ्या दोन पाखांचा, सहा जोड्या बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा. पेशवाईच्या पुण्याशी जोडलेला असला तरी त्याची घडण जुनी आहे. पाठ, दोन पाखे आणि बाह्या हे सगळे चौकोनी किंवा त्याजवळ जाणारे तुकडे, घेर हवा तिथे तिरक्या कापलेल्या कळ्या. एक कळी उलटी आणि एक सुलटी ठेवून कापली की मध्ये चिंधी उरत नाही. सगळे तुकडे सरळ रेषांचे असल्याने हात वर उचलला की काख ताणते आणि फाटते. त्यावर उपाय चौबगल्याचा. काखेत एक लहान चौकोन कोनावर फिरवून बसवतात, त्यामुळे त्याचे तिरपे कापड ताणाबरोबर सैल पडते. नवशिक्याची सगळ्यात जास्त परीक्षा इथे होते. चौकोनाच्या कोपऱ्यावर तीन शिवणी एकत्र येतात. प्रत्येक शिवण कोपऱ्याच्या नेमक्या बिंदूवर थांबली पाहिजे, एक टाका पुढे गेला तर चुणी पडते आणि एक मागे राहिला तर भोक. म्हणून कोपऱ्याचा बिंदू आधी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने खुणावून ठेवावा, तिथवर येऊन दोन उलटे टाके घ्यावेत आणि दोरा तोडूनच पुढची बाजू सुरू करावी. न तोडता वळवलेला दोरा कोपरा ओढतो.

बंद शिवणे वाटते तितके सोपे नाही. कपड्यातली सगळ्यात जास्त ओढ त्यांच्यावर असते. बंदाचे टोक गोटाच्या किंवा पट्टीच्या आत खोचून चौकोनी उलटी टीप घालावी, मध्ये फुलीसारखे दोन टाके. गुंड्या आणि काजे युरोपात तेराव्या-चौदाव्या शतकात घट्ट कपड्यांबरोबर जोमाने पसरली. लंडनच्या नदीकाठच्या उत्खननांत चौदाव्या शतकातल्या बाह्यांवर रेशमी पट्टी लावून ओळीने केलेली काजे सापडली आहेत. इकडे बंद आणि बिरडी यांनी काम भागत होते. काज करायचे तर चीर आधी पाडून तिच्या कडा वेढ्याच्या टाक्याने धरून घ्याव्यात आणि मग काजटाका घालावा. प्रत्येक टाक्यात दोरा सुईच्या टोकाखालून घेतला की कडेवर बारीक गाठ बसते. अशा गाठी खेटून बसल्या की चीर झिजत नाही.

घरच्या बायकांचे मुख्य शिवणकाम होते गोधडी. जुनी लुगडी, धोतरे धुऊन एकावर एक अंथरायची, वरच्या थरात रंगीत तुकड्यांची मांडणी करायची आणि कडेपासून आत येत धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या. बाहेरून आत येण्यामागे कारण आहे: सैल पडलेले कापड मध्याकडे सरकत जाते आणि कड सरळ राहते. थर जाड म्हणून सुई मोठी आणि दोरा चांगला जाड लागतो. टाके लांब असतात, पण ओळी जवळजवळ, त्यामुळे विरलेले कापडही एकमेकांना धरून राहते. वऱ्हाड-नागपूरकडून आणि पुढे सोव्हिएत संघाशी झालेल्या 1955 च्या करारानंतर उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या कामावर दुर्ग-भिलाईत आलेल्या मराठी घरांत जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, तिला शेजारच्या छत्तीसगढी घरात कथरी म्हणतात. मांडणी थोडी वेगळी, धावदोरा तोच. कच्च्या कडा इथे थरांच्या पोटात लपतात, फक्त चौफेर कड दुमडून तुरपायची राहते. म्हणून नवशिक्याने सराव सुरू करायला गोधडीसारखे काम नाही. दोन-तीन हात लांबीची, बाळाला पुरेल एवढी दुपटी शिवून झाली की धावदोरा आपसूक सरळ येऊ लागतो.

दुपट्यानंतर शिकणाऱ्याने चारही बाजूंनी वळीव दुमडीचा रुमाल करावा, त्यानंतर चपट्या शिवणीची पिशवी किंवा चंची. चंचीत कप्पे असतात, त्यामुळे एकाच वस्तूत दुमड, चपटी शिवण, गोट आणि बंद हे सगळे येते. मगच बंडी किंवा बाराबंदी हाती घ्यावी. कापड आधी पाण्यात भिजवून वाळवून घेतलेले असावे. हातमागाचे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि आटल्यावर चौबगल्याचा कोपरा पुन्हा जुळत नाही. पहिली बाराबंदी मांजरपाटाची शिवावी. तलम कापड सुईखाली पळते, जाड खादीत चपट्या शिवणीच्या चार घड्या जड होतात. मांजरपाट घडी धरतो आणि चूक झाली तर उसवताना फाटत नाही. उसवायचेच झाले तर कातरीचे टोक प्रत्येक चौथ्या टाक्याखाली घालून तेवढाच टाका तोडावा आणि उलट बाजूने दोरा ओढून घ्यावा. सुटून आलेला तुकडा पुन्हा भिजवून, धाग्याच्या रेषेत ओढून सरळ केला की तो पुन्हा कापायला तयार होतो.